विंचू कुठल्या पायाला चावला

आमच्या घरात म्हशीच्या अंगातल्या एकूण एक गोष्टीला नाव होतं आणि ते मोठ्यानं घेता येत होतं. कास, सड, जार म्हणजे वार, आणि व्याल्यावर बाहेर येतं ते मायांग. उचगावात आमच्या गल्लीत कुणाची म्हैस व्याली की दुसऱ्या दिवशी डेअरीच्या रांगेत किटली घेऊन उभी असलेली माणसं सगळ्यांदेखत विचारायची, "जार पडला का?" आणि आमचे आबा तेवढ्याच मोठ्यानं सांगायचे, "पडला की पहाटं. येकदम मोकळी झाली बघा." त्यात बायका असायच्या, म्हातारी माणसं असायची, शाळेला निघालेली पोरं असायची. कुणाला काही वाटायचं नाही. आणि त्याच घरात बायकांच्या अंगाला कमरेखाली नावच नव्हतं. जे काय होतं ते "तिकडं" होतं. तिकडं दुखतंय, तिकडं धुतलंस का, तिकडं हात लावू नको. डॉक्टर लोक ज्याला योनी म्हणतात आणि तिथल्या आजाराला योनीदाह म्हणतात, ते शब्द मला कळले तेव्हा मी नातवंडांची आज्जी झाले होते. कॉलेजात हे कुणी शिकवलं नाही, पुढं जे वाचलं ते आपलं आपण वाचलं. पण आता या वयात कुणाला भ्यायचं? म्हणून सगळं नाव घेऊन लिहिते.

घर म्हणजे पुढं दोन खोल्या, मागं गोठा, गोठ्याला लागून पत्र्याच्या दाराची न्हाणी आणि त्याच्या मागं परडं. पहाटे जाग यायची ती धारेच्या आवाजानं. बारडी रिकामी असताना धार पत्र्यावर वाजायची, मग फेस आला की आवाज मऊ पडत जायचा, आणि त्या आवाजावरनं मी अंथरुणात पडल्या पडल्या सांगायचे की आता किती दूध झालं असेल. आई धारेला बसायची, आबा वैरण टाकायचे आणि आत्ती, म्हणजे आबांची थोरली बहीण, चुलीपुढं बसून सगळ्यांना हुकूम सोडायची. आत्ती नवरा गेल्यापासून आमच्याकडंच होती. घरातलं औषधपाणी तिच्याकडं. तिचं वैद्यकशास्त्र एका शब्दाचं होतं: उष्णता. तोंड आलं, उष्णता. डोळे आले, उष्णता. केस गळाले, उष्णता. मला तर वाटतं, छप्पर गळलं असतं तरी तिनं पत्र्याला सब्जाचं पाणी पाजलं असतं.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. उचगावातनं कोल्हापुरात सायकलनं जायचे, गल्लीत सायकलवर कॉलेजला जाणारी मी एकटीच, त्यामुळं माझ्याकडं सगळ्यांचं बारीक लक्ष असायचं. त्या थंडीत माझा घसा बसला, ताप आला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं दोन रंगांच्या कॅप्सुला दिल्या, जोरकस. घसा बरा झाला आणि आठवड्याच्या आत दुसरंच सुरू झालं. खाज. अशी खाज की वर्गात बाकावर बसवत नव्हतं. सायकलची सीट तर वैरीण झाली होती. दह्यासारखं घट्ट, पांढरं काहीतरी जायला लागलं आणि लघवीला बसलं की आग व्हायची. मी न्हाणीत ओठ चावून बसायचे आणि भिंतीपलीकडं म्हैस निवांत रवंथ करत असायची. तिचा मला इतका राग यायचा म्हणून सांगू!

आईला सांगायला धीर होईना म्हणून मी आत्तीला सांगितलं. चूक केली. आत्तीनं मला खालून वर बघितलं आणि म्हणाली, "उष्णता झालीया. सायकल हाणतीस दिवसभर, न्हाय हुनार तर काय हुईल?"

"आत्ती, सायकल शाळंपासनं हाणतोय की. आत्ताच कसं झालं?" आमच्याकडं पोरीही असंच बोलतात, हाणतोय, जातोय. कोल्हापूरच्या बाहेरची माणसं हसतात, हसू देत.

"साठली असंल अंगात. भाईर पडाली आता."

झालं. माझं खाणं बंद. रविवारी घरात मटण शिजायचं, आत्ती स्वतः कांदा-लसणाची चटणी घालून तांबडा रस्सा करायची, वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा, आणि माझ्या ताटात ताकभात. वर सकाळी धन्याचं पाणी, दुपारी सब्जा, रात्री गुलकंद. लोणचं नको, चिंच नको, पापड नको. सगळी भाकरी रश्श्यात चुरून खातायत आणि मी ताकभाताकडं बघत बसलेय, खाली आग आहे ती आहेच. आई त्या रश्श्याला हात लावायची नाही, तीही ताकभातच खायची. तिचं मटण असं अधूनमधून बंदच असायचं, पण या वेळी मला वाटायचं, माझ्यासाठी जेवत नाही बिचारी. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

शेवटी आईला कळलंच. माझे कपडे धुताना तिनं बघितलं असणार. तिनं मला परड्यात गाठलं. आधी तिला जे भ्या वाटलं ते आजाराचं नव्हतं. ती हळू आवाजात म्हणाली, "शालन, खरं सांग. कुठं गेलतीस काय? कुणाबरं?"

"आई, कॉलेजला जातोय आन् येतोय. कुठं जाणार?"

"मग ह्ये कशानं झालं? अशा गोष्टी आपोआप हुत न्हाईत."

त्या बोलण्यानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रडण्याचं नव्हतं, रागाचं होतं. आपोआप होतं! घशाच्या गोळ्यांनी होतं, अंगातली साखर वाढली तरी होतं, गरोदरपणी होतं, कधी कधी कशानं झालं ते कळतही नाही. पण तेव्हा मला हे कुठं माहीत होतं? आणि आईचंही एक होतं. इचलकरंजीहून एक स्थळ सांगून आलं होतं, मागवाले, घरचे लूम चालू, माणसं बरी. संक्रांत झाली की बघायला येणार होते. पोरगी बायकांच्या दवाखान्याच्या पायरीवर दिसली तर गल्लीत काय बोलतील, या एका विचारानं आईची झोप गेली होती. म्हणून दवाखाना नाही. घरातच मिटवायचं. मग लाल कारबोलिकचा साबण आला. तो लावला की घटकाभर बरं वाटायचं आणि मग दुप्पट. मग कुणीतरी सांगितलं म्हणून जखमेचं पिवळं औषध पाण्यात घालून धुणं सुरू झालं. जेवढं धुवावं तेवढं सोलवटत चाललेलं. मला वाटायचं मी घाण आहे आणि अजून घासायला पाहिजे. पाळीच्या कापडाची तर वेगळीच तऱ्हा. ती गोठ्याच्या मागं पोत्याखाली, कुणाला दिसू नयेत अशी अंधारात वाळत घालायची. वाळायची कसली, दमट ती दमटच.

परवाच माझी नात सुट्टीला आली होती. तिच्या बॅगेत एक गुलाबी बाटली, वर फुलाचं चित्र. म्हटलं काय गं हे? तर म्हणाली, "आज्जी, इंटिमेट वॉश आहे. तिथं फ्रेश राहतं." मी ती बाटली हातात घेऊन कितीतरी वेळ बसले. नात कॉम्प्युटरवर काम करते, परदेशी माणसांशी इंग्रजीत बोलते, आणि तिच्या बॅगेत आमच्याच न्हाणीतलं भ्या निघालं, फक्त वास चांगला. तिला म्हटलं, बाई, तिथं साधं पाणी पुरतं, तेही बाहेरनं. आत काही घालून धुवायचं नसतं. ती म्हणाली, "आज्जी, तुला काय माहीत?" मला काय माहीत! बरं.

तर त्याच दिवसांत आमच्या चंद्रीला दगडी झाली. चंद्री म्हणजे आमची सगळ्यात दुधाळ म्हैस. सकाळी आई धारेला बसली तर चंद्रीनं लाथ झाडली, कास गरम, टणक, दुधात गुठळ्या. आबा तसेच सायकलवर डेअरीत गेले आणि दुपार व्हायच्या आत ढोरांचा डॉक्टर मोटारसायकलवर हजर. अर्धी गल्ली गोठ्यात. डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, कास कशी शेकायची दाखवलं आणि लाल औषधाचे खडे पाण्यात टाकून सड धुवायला सांगितले. "अगदी फिकट करायचं हं पाणी," तो म्हणाला, "गुलाबी दिसलं की पुरे." सगळी माना हलवत होती. कुणी म्हणालं कास उजवीकडनं जास्त सुजलीया, कुणी म्हणालं आमच्या म्हशीला बी अशीच झालती, काळजी करू नका. मी दाराला टेकून उभी होते, मांड्या एकमेकांना लागू नयेत म्हणून पाय फाकवून. आणि मनात म्हणत होते, देवा, मला म्हैस तरी करायचं होतंस. एका दुपारी डॉक्टर तरी आला असता.

आईच्या डोक्यात त्याच वेळी प्रकाश पडला. संध्याकाळी आबा डेअरीला दूध घालायला गेले आणि आत्ती देवळात, तेव्हा आईनं मला न्हाणीत बोलावलं. पितळी तांब्यात पाणी. वांग्याच्या रंगाचं, जवळजवळ काळं. मी म्हटलं, "आई, त्येनं फिकट सांगितलं हुतं."

"ते म्हशीला. म्हशीची कातडी केवडी जाड, तरी चिमूटभर पुरतंय. तुझं इतकं दिस मुरलंय, तुला जरा जास्तच लागंल." हे तिचं गणित. आणि तिच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती, की मी खाली बसले.

पाणी लागलं आणि मी जी ओरडले ती म्हणे पाणंदीच्या पलीकडं ऐकू गेली. निखारा ठेवल्यासारखं. मी न्हाणीत लोळत होते आणि आई माझ्या तोंडावर हात दाबून "गप गं, गप गं शालन" करत स्वतःच रडत होती. तेवढ्यात पत्र्याच्या दारावर थाप. शेजारची पारूमावशी. "वैनी, काय झालं वो? कोन वरडलं?"

आईनं तांब्या न्हाणीच्या कोपऱ्यात सारला. मग म्हणाली, "इंचू. इंचू चावला पोरीला."

आता आमच्या गल्लीत विंचू चावला म्हणजे सगळ्यांचं काम असतं. पाच मिनिटांत दारात जत्रा. मला आईनं लुगडं गुंडाळून सोप्यात आणून बसवलं. पारूमावशीनं पहिला प्रश्न विचारला, "कुठल्या पायाला?"

आईनं माझ्याकडं बघितलं, मी आईकडं. आई म्हणाली, "उजव्या."

मग उजव्या पोटरीला सुतळी करकचून आवळली. कुणी कांदा कापून घोट्याला चोळला. एक म्हातारा पाण्यात काहीतरी पुटपुटून ते माझ्या अंगठ्यावर शिंपडत बसला. "खूण दिसंना वो," तो म्हणाला. "काळा हुता का तांबडा?"

"तांबडा," आई म्हणाली. ते एवढं खरं होतं.

मी मांडी घालू शकत नव्हते, पाय जुळवू शकत नव्हते. आग जिथं होती तिथं कुणी बघत नव्हतं आणि सगळी गल्ली माझ्या अंगठ्यावर फुंकर मारत होती. मला हसू येत होतं की रडू ते आजही सांगता येत नाही. "पोरीला लई चढलाय," पारूमावशी म्हणाली, "बघा कशी वळवळाली." इतक्यात आबा आले. त्यांनी माझा चेहरा बघितला, कुणाचं ऐकलं नाही, डेअरीचा टेम्पो थांबवला आणि किटल्यांच्या मधे मला बसवून थेट कोल्हापुरात सरकारी दवाखान्यात. आई पाठीमागनं ओरडत होती, "आवं, उतरंल घरात! दवाखाना कशाला?" तिचं ते ओरडणं मला एकटीलाच कळत होतं.

दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या, अंगानं किरकोळ, आवाज मात्र खणखणीत. त्यांनी सुतळी सोडवली, पाय दाबून बघितला, अंगठा बघितला. "कुठं चावला?" आबा म्हणाले, "उजव्या पायाला, बाई." त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मी पाय फाकवून बसले होते आणि पाय बघताना एकदाही कळवळले नव्हते. मला कळलं की आता सांगितलं नाही तर परत घरी जाऊन ताकभात. मी आबांना म्हटलं, "आबा, तुमी जरा भाईर थांबा." आबांना मी असं कधी बोलले नव्हते. ते टेम्पोत निसटलेली माझी एक चप्पल हातात घेऊन उठले आणि काही न विचारता बाहेर गेले.

"बाई, इंचू न्हाय चावला," मी म्हटलं. आणि मग सगळं सांगितलं. कॅप्सुला, खाज, दही, साबण, पिवळं औषध, चंद्री, तांब्या. सांगताना शब्द नव्हते म्हणून "तिकडं, तिकडं" करत होते. त्या एकदाही हसल्या नाहीत. विचारून, पडदा ओढून त्यांनी बाहेरनं बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, भाजलंय की हे." मग हात धुऊन माझ्यापुढं स्टूल घेऊन बसल्या.

"घरात दही लावता ना?"

"व्हय. रोज."

"मग तुला लवकर कळेल. बाईच्या आतसुद्धा एक विरजण असतं. डोळ्याला दिसत नाही, पण असतं. ते आतला भाग थोडा आंबट ठेवतं, म्हणून बाकीचे जंतू माजत नाहीत. घशाच्या गोळ्यांनी तुझं विरजण मेलं आणि बुरशीला रान मोकळं झालं. एवढंच झालंय. तू काही वाईट केलेलं नाहीस. त्यावर तुम्ही साबण लावला, औषध ओतलं, म्हणजे जे थोडं विरजण उरलं होतं तेही घासून काढलं. दुधाचं भांडं घासायचं असतं, हे नाही." मग एकदम बोट वर करून म्हणाल्या, "आणि दही लावायचं नाही हं तिथं! तुम्ही म्हशीवाले, तुमचा नेम नाही."

किती दिवसांनी मी हसले. त्यांनी सांगितलं ते मला आजही तोंडपाठ आहे. आता फक्त साधं पाणी आणि मलम, बाकी सगळं बंद. सुती चड्डी, ओली असली तर लगेच बदलायची. पाळीची कापडं उन्हात वाळवायची, ऊन लाजत नाही. थोडं पांढरं जाणं हे सगळ्याच बायकांना असतं, त्याला भ्यायचं नाही. पण खाज, आग, नासका वास, पिवळं-हिरवं जाणं, ओटीपोटात दुखणं यातलं काही झालं तर दाखवायचं, कारण प्रत्येकाचं औषध वेगळं. भाजलेलं बरं झालं की परत ये, मग आत ठेवायच्या गोळ्या देते, त्यानं मूळ जाईल. मी विचारलं, "बाई, मटण?" त्या म्हणाल्या, "खा की. मटणाचा काय संबंध?" त्या एका वाक्यासाठी मी त्यांच्या पाया पडले असते.

बाहेर आबा बाकावर बसले होते, चप्पल मांडीवर. बाईंनी त्यांना काय सांगितलं मला ऐकू आलं नाही, दोन वाक्यंच बोलल्या. येताना टेम्पोत आबा एकच म्हणाले, "दुखतंय का अजून?" मी म्हटलं, कमी हाय. त्यांना काय कळलं आणि काय नाही, हे त्यांनी मरेपर्यंत मला सांगितलं नाही. पण घरी आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे लाल औषधाची पुडी उचलली आणि गोठ्याच्या आढ्याला, आईचा हात पुरणार नाही अशा जागी खोचून ठेवली. चंद्रीला धुवायचं पाणी तिथनं पुढं ते स्वतः करायचे. गुलाबी.

आपल्याला वाटेल, झालं, मिटलं. कुठलं मिटतंय! भाजलेलं बरं झालं, खाज राहिली. कॉलेज सुटल्यावर मी एकटीच बाईंकडं गेले आणि गोळ्यांचं पाकीट आणलं. आईनं ते दप्तरात बघितलं.

"ह्या कशाच्या?"

"आत ठेवायच्या. रोज रात्री एक."

"आत म्हंजे कुठं आत?" आणि कळल्यावर ती मटकन खाली बसली. "लगीन व्हायचंय तुझं! कुवारी पोर आत गोळी घालती? काय शिल्लक ऱ्हाईल?"

"आई, बाईंना मी ह्येच विचारलं. त्या म्हणाल्या कायबी बिघडत न्हाय. पाळी येती तिथनंच की."

"त्यास्नी काय जातंय बोलायला. त्यांच्या पोरीला बघायला इचलकरंजीची पावणं यायची न्हाईत."

तिनं पाकीट घेतलं आणि म्हशीच्या औषधाच्या डब्यात टाकलं, गोठ्यातल्या फळीवर, जंताच्या औषधाच्या मागं. तिचा हिशेब असा, की तिथं बायकांचं काही असेल हे कुणाच्या मनात येणार नाही. दोन दिवस मी धुमसत होते. घरात सगळे आपापलं करतायत, आत्ती परत सब्जा भिजवतेय, आणि माझं औषध म्हशीच्या डब्यात. अंग माझं, आग माझी, आणि त्यावर हक्क कुणाचा? अजून ज्यांची तोंडंही बघितली नव्हती त्या इचलकरंजीवाल्यांचा! तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांदेखत मी गोठ्यात गेले, डबा उघडला, पाकीट काढलं आणि न्हाणीत जाऊन कडी लावली. आई बघत होती.

आत मी हात धुतले. पाकिटातली पहिली गोळी काढली. मग बाहेर आत्तीचा आवाज, "आत कोन हाय? मला पाय धुयाचं हाईत."

आणि आईचा आवाज, अगदी दाराजवळनं, "शालन न्हातीया. थांबा जरा."

"ह्या वक्ताला?"

"व्हय. ह्या वक्ताला. उद्याबी न्हाईल." मी पत्र्याच्या फटीतनं बघितलं तर आई दाराला पाठ लावून उभी होती, पदर खोचून. पाकीट संपेपर्यंत रोज ती तशी उभी राहिली.

मी बरी झाले. खरंच बरी झाले, सायकलवर बसून शीळ घालत कॉलेजला गेले. इचलकरंजीचं स्थळ मात्र माझ्या उंचीवरनं फिसकटलं. ज्या पावण्यांसाठी एवढा आगडोंब सोसला ते चहापोहे खाऊन "पोरगी जरा बुटकी हाय" म्हणून निघून गेले! मी रागानं त्यांच्या बशा घासत होते तेव्हा आई शेजारी येऊन बसली. इकडंतिकडं बघून म्हणाली, "त्यातली एकादी गोळी उरली का गं?"

"कशाला?"

ती बशी पुसत राहिली. "तू झाल्यापासनं हाय मला. मधी कमी हुतं, परत येतंय."

माझ्या हातातली बशी तशीच राहिली. मी झाल्यापासनं! म्हणजे तो ताकभात माझ्यासाठी नव्हता. रविवारी रश्श्याला हात न लावणारी माझी आई माझ्या जन्मापासून उष्णता उतरवत होती. पहाटे धारेला उकिडवी बसताना मधेच उठून उभी राहायची, ते गुडघ्यामुळं नव्हतं. मी म्हटलं, "आई, माझी गोळी तुला चालंलच असं न्हाय. तुझं वेगळं असंल. बाईंना दाखवायला पायजे. उद्या जाऊ." ती म्हणाली, जाऊ. मग दुसरी म्हैस व्याली. मग ऊसतोड आली. मग पाव्हणे आले. मग उन्हाळा. दर वेळी जाऊ की, कुठं पळून जातंय. मी भांडले, अबोला धरला, जेवले नाही. म्हशीचा दात हलला तरी डॉक्टर यायचा, आणि ही बाई दवाखान्याच्या नावानं वाळवणाला हात घालायची. "गल्लीला काय सांगू?" हे एकच.

शेवटी एका सकाळी मला सुचलं. मी सुतळी घेतली, तिच्या डाव्या पोटरीला बांधली आणि दारात जाऊन ओरडले, "आबा, टेम्पो थांबवा! आईला इंचू चावला!" आई थक्क होऊन बघत राहिली. आबांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा त्या सैल सुतळीकडं, आणि मुकाट टेम्पो थांबवला. पारूमावशी बारडी घेऊन धावत आली, "कुठल्या पायाला वो वैनी?"

"उजव्या," आई म्हणाली. सुतळी डाव्याला होती. टेम्पो निघाला म्हणून वाचलो.

बाईंनी तपासलं, लघवी तपासायला लावली. बुरशीच होती, पण परत परत का येत होती ते त्या तपासणीत निघालं. आईला साखर होती, कधीची कोण जाणे. बाई म्हणाल्या, साखर आटोक्यात आल्याशिवाय हे जायचं नाही, ती आटोक्यात आणू आणि हे पण घालवू. गोड बंद करा. आई मान हलवत होती. येताना आम्ही दोघी बसमध्ये होतो. तिकिटाची घडी घालता घालता ती एकदम म्हणाली, "इतकी वरसं चिंच सोडली मी. लोणचं सोडलं. मटान सोडलं." आणि मग, "आन् गुलकंद खात बसलो." तिच्या आवाजात इतका राग होता, आणि तो कुणावर काढावा तेच तिला कळत नव्हतं. आत्तीवर काढावा तर ती आपली प्रेमानंच चमचा भरून द्यायची.

गल्लीच्या तोंडाला पारूमावशी वाटच बघत होती. "उतरला का वो इंचू?"

मी काहीतरी बोलणार तेवढ्यात आईनं सुतळी काढून तिच्या हातात दिली. "इंचू न्हवता, पारू. खालतं जळत हुतं. खाज हुती. लई वरसं. डॉक्टरीणबाईला दावून आलो." भर गल्लीत, डेअरीत जार पडला म्हणून सांगतात त्या आवाजात. समोरच्या कट्ट्यावरची माणसं बघायला लागली. माझ्याच कानाच्या पाळ्या तापल्या.

पारूमावशीनं बारडी खाली ठेवली. सुतळी बोटाला गुंडाळत, सोडत ती उभी राहिली. मग आईच्या जवळ सरकून म्हणाली, "कुठं बसती वो ती बाई?"